प्राणी छळाचा कायदा कडक व्हावा म्हणून आमदारांकडे काय घेऊन जायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दहा-बारा तरुणांचा गट जखमी जनावरांवर उपचार करतो. वीटभट्टीवरच्या एका गाढवाला मालकाने पाय मोडेपर्यंत मारलं, म्हणून ते पोलीस ठाण्यात गेले. तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, झाली आणि प्रकरण तिथेच थांबलं. ते विचारतात, "आमदारसाहेबांना दोन-तीनदा निवेदन दिलं, फोटोही निघाले. शिक्षा वाढवणं राज्याच्या हातात आहे का? असेल तर आमदारांना पटवायचं कसं? आणि आमचे आमदार स्वतः बैलगाडी शर्यतीचे शौकीन आहेत, त्यांच्याकडे जाण्यात अर्थ आहे का?"

सुरुवात त्या गाढवापासूनच करतो. आमदारांपुढे मांडायचं बहुतेक सगळं त्या एका प्रकरणात आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला मारून टाकणं, विष घालणं, अपंग किंवा निकामी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. पाय मोडला म्हणजे हे कलम लागायला हवं, असं तुम्हाला वाटलं असेल. पण हे कलम 'आगळीक' या सदरात येतं. त्यात लोकांचं किंवा दुसऱ्या कुणाचं नुकसान करण्याचा हेतू दाखवावा लागतो. मारणारा परका असेल तर अडचण नाही. मारणारा मालकच असला की ठाणे अंमलदार विचारतो, "जनावर त्याचंच, मग नुकसान कुणाचं झालं?" त्यावर कोर्टात भांडता येतं, पण रात्री नऊ वाजता ठाण्याच्या टेबलासमोर उभं राहून नाही.

मग उरतो १९६० चा केंद्राचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण, उपासमार, जादा ओझं, कोंबून वाहतूक, आजारी जनावराला कामाला जुंपणं असं सगळं आहे. शिक्षा मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पन्नास रुपयांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि प्रत्येक निवेदनात ती असतेच. खरा अडथळा आणखी दोन कलमांत आहे, ती मात्र निवेदनात कधी दिसत नाहीत. पहिलं कलम ३१. त्याप्रमाणे अवयव तोडणं किंवा क्रूरपणे ठार मारणं, प्राण्यांच्या झुंजी लावणं, नेमबाजीसाठी प्राणी सोडणं आणि दूध वाढवण्यासाठी दुधाळ जनावरावर केलेले फुंका किंवा इंजेक्शनचे प्रकार, एवढेच गुन्हे दखलपात्र आहेत. मारहाण, उपासमार, ओझं हे सगळं अदखलपात्र. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. तुमची एनसी झाली ती अंमलदाराच्या आळसामुळे नाही, कायद्यातच तशी सोय आहे. दुसरं कलम ३६. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो करताच येत नाही. एनसी, मग कोर्टात अर्ज, मग पशुवैद्यकाचा दाखला, मग सुट्ट्या. तीन महिने कसे जातात ते तुम्ही पाहिलंच आहे.

म्हणून आमदारांकडे जाताना मागणी 'कायदा कडक करा' अशी नको. तीन ओळींची हवी. कलम ११ मध्ये राज्यापुरती शिक्षा वाढवा, कलम ३१ मध्ये मारहाण, उपासमार आणि जादा ओझं दखलपात्र करा, आणि कलम ३६ ची तीन महिन्यांची मुदत काढा. ती काढली की फौजदारी प्रक्रियेतली सर्वसाधारण मुदत लागू होते. एक वर्षाहून जास्त आणि तीन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्याला ती तीन वर्षं आहे. या तिघांतलं एकच मिळणार असेल तर मी डोळे झाकून दखलपात्र मागेन. दंड पाच हजार केला आणि गुन्हा अदखलपात्रच राहिला तर पाच हजार कधीच कुणी भरणार नाही.

आता राज्याच्या हातात आहे का, हा प्रश्न. आहे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, १७ व्या नोंदीत आहे. संसदेलाही कायदा करता येतो आणि विधिमंडळालाही. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद राज्याला करायची असेल तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवून त्यांची संमती घ्यावी लागते, एवढंच. मंत्रालयात तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, "हा केंद्राचा कायदा आहे हो, आमच्या हातात काय?" तिथे घटनेचं पुस्तक काढू नका. फक्त २०१७ साल काढा.

तो इतिहास आमदारांना पाठ असतो, विशेषतः पुणे, सातारा, सांगलीच्या. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू या तमिळनाडूतल्या बैलाच्या खेळाबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचा जनसागर लोटला आणि तमिळनाडूने १९६० च्याच कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. कर्नाटकाने कंबळा या रेड्यांच्या शर्यतीसाठी तोच मार्ग धरला. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये दुरुस्ती मंजूर केली आणि त्याच वर्षी तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. उच्च न्यायालयाने शर्यती अडवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटींवर मोकळ्या केल्या, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. प्राणीमित्रांच्या वर्तुळात हा निकाल पराभव म्हणून नोंदला गेला आहे. मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. राज्याला या कायद्यात हात घालता येतो, हे त्या निकालाने कायमचं सिद्ध केलं.

त्याच महाराष्ट्र दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. शर्यतीच्या अटी मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे आज आपल्या राज्यात एकाच कायद्याखाली दोन मापं आहेत. शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, नियम मोडला तर पाच लाख. घाटाबाहेर, रस्त्यावर, भट्टीवर, बाजारात जनावराचे हाल केले तर पन्नास रुपये. हे विधिमंडळाने स्वतः केलं आहे, एकमुखाने, सर्व पक्षांनी मिळून. तुमच्या पिशवीत यापेक्षा धारदार मुद्दा नाही.

शेजारी आणखी एक आकडा ठेवा. ३० सप्टेंबर २०२४ ला राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. त्याच गाईला कुणी काठीने बडवलं तर पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड तितकाच, ५० रुपये. सत्ताधारी आमदाराला हे वाक्य सभागृहात म्हणायला आवडतं, विरोधी आमदाराला त्याहून जास्त.

निवेदनाचं काय होतं, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. रविवारी सकाळी आमदारांच्या कार्यालयात शंभर माणसं असतात. कुणाला बदली हवी, कुणाला दवाखान्याच्या बिलासाठी पत्र, कुणाच्या वाडीचा रस्ता. तुम्ही आत जाता, शाल नको म्हणता म्हणता शाल होते, फोटो होतो. साहेब निवेदनाच्या डोक्यावर पेनाने लिहितात, 'मा. मंत्री, पशुसंवर्धन, कृपया उचित कार्यवाही व्हावी', आणि सही ठोकतात. पीए ते मंत्रालयात पाठवतो. तिथून कक्ष अधिकारी ते पुण्याच्या पशुसंवर्धन आयुक्तालयात 'नियमानुसार कार्यवाही व अहवालासाठी' धाडतात. आयुक्तालय जिल्ह्याला पाठवतं. दोन-तीन महिन्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयातून तुम्हालाच फोन येतो, "तुमचं निवेदन आलंय, काय लिहू उत्तरात?" यात कुणी फसवलेलं नसतं. कागदाने आपला नेहमीचा प्रवास पूर्ण केलेला असतो.

आमदाराला कायदा बदलायला सांगताना त्याच्या हातात जे हत्यार असतं त्याच्या मापाचा कागद द्यायचा असतो. ही हत्यारं मोजकी आहेत: तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पातली कपात सूचना, अशासकीय ठराव आणि अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं). यातला तारांकित प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. त्याची भाषा ठरलेली असते. ती तुम्हीच लिहून दिली तर पीएचं काम वाचतं, आणि पीएचं काम वाचवणारा माणूस त्या कार्यालयात लक्षात राहतो. नमुना देतो. गृहमंत्र्यांसाठी, कारण गुन्हे नोंदवणं त्यांच्या खात्यात:

"(१) सांगली जिल्ह्यात सन २०२३ ते २०२५ या कालावधीत प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, १९६० च्या कलम ११ अन्वये किती तक्रारी प्राप्त झाल्या व त्यापैकी किती अदखलपात्र म्हणून नोंदविण्यात आल्या, (२) त्यापैकी किती प्रकरणी दोषसिद्धी झाली व एकूण किती दंड वसूल झाला, (३) शर्यतीच्या अटींच्या भंगासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद राज्याने केली असताना अन्य क्रूरतेसाठी दंड कमाल पन्नास रुपये आहे, हे खरे आहे काय, (४) असल्यास, राज्य दुरुस्ती करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

पहिल्या दोन उपप्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे आधीच हवीत. माहितीच्या अधिकारात जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे ठाणेनिहाय आकडे मागा. अर्ज आजच टाका, कारण ज्या ठाण्यात नोंदच नीट नाही तिथून 'माहिती निरंक' असं येतं आणि मग अपील करावं लागतं. आकडे हातात असले की "हे खरे नाही" असं छापील उत्तर देणं खात्याला अवघड जातं. तिसऱ्या उपप्रश्नाला तर "होय" किंवा "अंशतः खरे आहे" एवढंच लिहिता येतं. ते एकदा सभागृहाच्या पटलावर छापून आलं की पुढच्या प्रत्येक भेटीत तुम्ही स्वतःचं म्हणणं मांडत नाही, शासनाचंच उत्तर त्यांना वाचून दाखवता.

प्रश्नावर एकाच आमदाराची सही नको. आपल्याकडे एकाच प्रश्नाखाली पाच-दहा सदस्यांची नावं असण्याची पद्धत आहे, तिचा फायदा घ्या. तिन्ही-चारही पक्षांचे मिळाले तर उत्तम. गटातल्या प्रत्येकाचं मूळ गाव वेगळं असतं, कुणाची मावशी दुसऱ्या मतदारसंघात असते. प्रत्येकाने आपापल्या आमदाराकडे जायचं. मतदार म्हणून गेलेला माणूस आणि 'संस्थेचे पदाधिकारी' म्हणून गेलेला माणूस, दोघांना मिळणारी खुर्ची वेगळी असते.

वेळ सांभाळा. अर्थसंकल्पीय अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावसाळी जून-जुलैमध्ये मुंबईत, हिवाळी डिसेंबरमध्ये नागपुरात. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर विधान भवनाचा पास काढून येणारे लोक मला दर वर्षी दिसतात. तेव्हा आमदार धावपळीत असतो, तुमच्याशी बोलताना त्याचं लक्ष दाराकडे असतं. त्या दिवसांत फक्त लक्षवेधीचा पाठपुरावा करावा. नागपूरच्या मोर्च्याबद्दल म्हणाल, तर तिथे हजारोंचे मोर्चे अडवले जातात आणि शिष्टमंडळ पाच मिनिटांसाठी मंत्र्यांकडे नेलं जातं. तुमच्या दहा-बारा जणांनी तो खर्च करू नये.

लक्षवेधीसाठी ताजी घटना लागते, 'तातडीची व सार्वजनिक महत्त्वाची'. म्हणून आतापासून एक फाइल तयार ठेवा: घटना, तारीख, ठाणं, एनसी क्रमांक, पशुवैद्यकाचा दाखला, फोटो. पुढचं प्रकरण घडेल त्या दिवशी ही फाइल आमदारांच्या पीएच्या मोबाइलवर गेली पाहिजे.

अशासकीय विधेयकाबद्दल लोकांना फार आशा असते. ती जरा आवरा. अशासकीय कामकाज शुक्रवारी शेवटच्या वेळात येतं, बाक रिकामे असतात, आणि अशी विधेयकं मंजूर होणं दुर्मीळ. पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. चर्चेच्या शेवटी मंत्री उठून म्हणतात, "सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे, याबाबत शासन सकारात्मक विचार करेल, त्यांनी विधेयक मागे घ्यावं." ते वाक्य म्हणजे आश्वासन. ते आश्वासन समितीकडे नोंदलं जातं आणि खात्याला त्याची पूर्तता सांगावी लागते. तुम्हाला हवं ते हेच. त्या कामासाठी विधान परिषदेचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघातले सदस्य बरे पडतात. त्यांच्यामागे रस्ते-गटारांचा तगादा कमी असतो, वाचायला वेळ असतो.

विधेयकाचा मसुदा मात्र छोटा हवा. चाळीस पानी 'आदर्श कायदा' कुणी उघडत नाही. 'महाराष्ट्र राज्यास लागू असताना, मुख्य अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये... हा मजकूर समाविष्ट करण्यात येईल' अशा साच्यातली तीन कलमं आणि खाली अर्ध्या पानाचं उद्देश व कारणांचं निवेदन. विधी व न्याय विभाग तुमची भाषा बदलेलच, बदलू द्या. हेतू बदलला तर मात्र बोला.

आता आक्षेप. आमदार काय विचारेल हे आधीच माहीत असलं म्हणजे निम्मं काम होतं.

पहिला प्रश्न येईल, "जप्त केलेलं जनावर ठेवणार कुठे?" हा आडमुठेपणा नाही, रास्त प्रश्न आहे. ग्रामपंचायतीचे कोंडवाडे पडले आहेत, पांजरपोळ भरलेले आहेत. कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे अशा जनावरांच्या उपचारासाठी जागा नेमणं राज्य शासनाचं काम आहे, त्याला नवा कायदा लागत नाही. याच भेटीत जिल्हा नियोजन समितीतून एका निवारा शेडची मागणी ठेवा. तो पैसा पालकमंत्र्यांच्या हातचा असतो आणि आमदार त्या समितीवर असतात. त्यांना उद्घाटनाला एक फीत मिळते, तुम्हाला शेड. यात कमीपणा मानू नका. एक छोटं काम पूर्ण झालेला आमदार मोठ्या कामाला तयार होतो.

दुसरा प्रश्न, "गरिबाच्या पोटावर पाय देणार का?" इथे तुमचं गाढव पुन्हा येतं. वीटभट्टीवर गाढवं हाकणारी माणसं बहुतेक भटक्या समाजांतली असतात, त्यांच्या अंगावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असते. ऊसतोडीच्या बैलगाड्यांचंही तेच. बीड-जालन्याकडून आलेला तोडकरी, बैल त्याचे, पण गाडी किती भरायची आणि कारखान्याच्या गव्हाणीत (ऊस टाकण्याच्या जागी) नंबर कधी लागणार हे त्याच्या हातात नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांत काम करणाऱ्या जनावरांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आहे, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायला मनाई. मार्चअखेरच्या गाळपात, कारखान्याच्या बाहेर भर उन्हात उभी असलेली रांग बघा आणि हे नियम आठवा. गाडीवानाला पन्नास रुपये दंड करून तिथे काहीही बदलत नाही. उद्या तो दंड पन्नास हजार केला तर एक कुटुंब मात्र बुडेल. म्हणून तुमच्या मसुद्यात ओझं ठरवणाऱ्यावर जबाबदारी टाका, मग तो भट्टीमालक असो, वाहतूक ठेकेदार असो की कारखाना. हाकणाऱ्याला पहिल्या वेळी समज आणि प्रशिक्षण पुरे. ही तरतूद असलेला मसुदा घेऊन भटक्या-विमुक्तांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांकडे आमदारांच्या आधी जा. त्यांचं सहमतीचं एक पत्र तुमच्या सगळ्या फोटोंपेक्षा जड आहे.

आमदार कारखान्याचे चेअरमन असण्याची शक्यता तुमच्या भागात भरपूर. त्यांच्याशी दंडाची भाषा नंतर करा. इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये बैलगाडीच्या जुवाखाली फिरतं चाक बसवून बैलांच्या मानेवरचा भार कमी करणारं साधन केलं होतं. देशभर त्याचं कौतुक झालं. असली गोष्ट तुमच्या तालुक्याजवळची आहे. "साहेब, आपल्या कारखान्याच्या गाड्यांना ही चाकं बसवूया" या वाक्याने सुरू झालेली बैठक कायद्यापर्यंत जाऊ शकते.

तिसरा आक्षेप, "केंद्रच नवा कायदा आणतंय, थांबा." केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने दुरुस्तीचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये हरकतींसाठी खुला केला होता. गंभीर क्रूरतेला वर्षापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० ते ७५ हजार दंड असे त्यात प्रस्ताव होते. त्यानंतर तो संसदेत आलेला नाही. उलट त्यानंतर एक भोक पडलं आहे. प्राण्यांवरचे लैंगिक अत्याचार पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मध्ये बसत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत त्यासाठी कलमच नाही. हे सांगायला अवघड वाटतं, पण महिला आमदारांशी बोलताना नक्की सांगा. असल्या माणसाचं पुढचं सावज कोण असतं, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

दोन विषय मात्र या मागणीपासून चार हात लांब ठेवा. एक भटकी कुत्री. आमदाराकडे रोज कुत्रा चावल्याची तक्रार येते, ऑगस्ट २०२५ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी वातावरण तापलेलं आहे, आणि तो विषय नसबंदी नियमांचा आणि नगरपालिकेचा आहे, कलम ११ चा नाही. तुमच्यावर एकदा 'कुत्रेवाले' असा शिक्का बसला की गाढवाची फाइल खाली जाते. दुसरा गोहत्येचा. त्यावर राज्याचा वेगळा कायदा आहे, त्याच्याभोवतीचं राजकारण वेगळं आहे. तुमच्या मागणीत तो घुसला की निम्मं सभागृह घोषणा देतं आणि उरलेलं गप्प बसतं. गप्प बसलेल्यांच्या सह्याही तुम्हाला हव्या आहेत. कुणी पाठिंब्याच्या बदल्यात तो मुद्दा घालायला सांगेल. नम्रपणे नाही म्हणा.

गोव्यातले कुणी हे वाचत असतील तर तिथली लढाई उलट दिशेची आहे. धीरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंद केल्या, पण त्या कायदेशीर करा अशी मागणी विधानसभेत अधूनमधून उठते. तिथे आमदारांना काही नवीन करायला लावायचं नसून आहे ते टिकवायचं आहे. चाळीस आमदारांच्या सभागृहात प्रत्येकाला घरी जाऊन भेटता येतं, हा मोठा फायदा.

विधेयक मंजूर झालं तरी राष्ट्रपतींच्या संमतीची पायरी आहे आणि तिचा भरवसा नाही. शर्यतीच्या दुरुस्तीला काही महिने लागले. महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याची १९९५ ची गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती २०१५ मध्ये संमती घेऊन परत आली. डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर झालेल्या, महिलांवरील अत्याचारांविरुद्धच्या शक्ती विधेयकाला संमती मिळालीच नाही. संमतीचा रस्ता केंद्राच्या मंत्रालयांच्या अभिप्रायांतून जातो, त्यामुळे विधेयक इथून निघालं की तुमच्या खासदाराचं दार ठोठवायला लागा. जादूटोणाविरोधी कायद्याला दीड तप लागलं, वाटेत कितीतरी कलमं गळाली, आणि शेवटी वटहुकूम निघाला तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, ऑगस्ट २०१३ मध्ये. कायद्याची चाल इतकी मंद असू शकते, हे गटातल्या नव्या पोरांना पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

म्हणून संमतीची वाट बघताना कायदा न बदलता मिळणाऱ्या गोष्टी घेत राहा. २००१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. आपल्याकडे जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि अनेक ठिकाणी तिची बैठक कागदावरच होते. शेवटच्या दोन बैठकांचं इतिवृत्त मागा. पोलीस अधीक्षकांकडून एक परिपत्रक काढून घ्या, की अवयव निकामी होण्याची दुखापत असेल तर ३२५ चा विचार आधी करावा आणि पशुवैद्यकाचा दाखला चोवीस तासांत घ्यावा. परिपत्रकाला राष्ट्रपती लागत नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. शर्यतीच्या शौकीन आमदारांकडे जायचं का? सगळ्यांत आधी त्यांच्याकडेच जायचं. एकटे जाऊ नका, तालुक्यातल्या दोन-चार नावाजलेल्या बैलवाल्यांना घेऊन जा. त्यांच्याशी आधी चहा प्या आणि ऐकून घ्या. शर्यतवाल्यांच्या मनात एक ठसठस असते: आमच्या बैलाला पेंड, बदाम, दूध, तेलाची मालिश, घाटात डॉक्टर आणि कॅमेरा, तरी काठी उगारली तर तीन वर्षं आम्हालाच, आणि बाजारातून टेम्पोत पाय बांधून जनावरं कोंबून नेणारा पन्नास रुपये टाकून सुटतो. ही तक्रार खरी आहे. शर्यती असाव्यात की नसाव्यात, यावर तुमचं आणि त्यांचं कधीच जमणार नाही आणि त्या खोलीत ते जमवायची गरजही नाही. घाटातला नियम घाटाबाहेर सगळ्यांना लावा, एवढीच मागणी दोघांची एक होते. ती त्यांच्या तोंडून आली तर आमदार टाळू शकत नाहीत. २०१४ ते २०२१ याच माणसांनी गावोगाव सभा घेऊन, सर्व पक्षांचे पुढारी एका व्यासपीठावर बसवून कायदा बदलून घेतला. कोणत्या खात्यात कोण फाइल पुढे सरकवतो, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. प्रश्नाचा मसुदा त्यांच्याच हातून साहेबांना द्या, आणि त्या दिवशी फोटोत त्यांना पुढे उभं राहू द्या.